असं म्हणजे कसं?

४ मार्च, मंगळवार

विद्यापरिषदेचं पत्र आलं. तीन ओळींचं. सहा मे रोजी मानव्यविद्या विभागाच्या ‘संशोधन केंद्र’ या मान्यतेचा फेरविचार होणार आहे. तीन वर्षांत काय संशोधन केलं ते विभागानं पंधरा मिनिटांत सांगावं. फेरविचार म्हणजे काय, ते आमच्या प्रमुखबाईंनी चहाच्या कपात बघत सांगितलं. मान्यता गेली तर विभाग राहील, पण नावापुरता. आम्ही सहाही जणांनी आठवड्याला चोवीस तास भावी अभियंत्यांना अर्ज कसा लिहावा आणि मुलाखतीला कसं बसावं तेवढं शिकवायचं. संशोधन बंद.

“दाखवण्यासारखं तुझंच आहे,” त्या म्हणाल्या. खरंय. बाकीच्यांचे लेख आहेत, पण तीन वर्षं चिकाटीनं केलेलं, इथलं आणि दुसऱ्या कुणाकडे नसलेलं असं माझंच. पत्रा कारखान्यातल्या बायकांचा मौखिक इतिहास. तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे डबे दाबून काढणारा तो कारखाना अकरा वर्षांपूर्वी बंद पडला. तिथल्या बेचाळीस बायकांच्या मुलाखती, एकसष्ट तासांचं ध्वनिमुद्रण. मी छाती फुगवून म्हटलं, काळजी करू नका.

त्याच वेळी खालच्या वर्कशॉपात हातोड्यानं पत्रा दाबायचा प्रेस सुरू केला आणि माझ्या फळ्यावरचा खडू घरंगळत खाली पडला. हातोडा म्हणजे यांत्रिकीचे प्रमुख. नाव वेगळं आहे, पण विद्यापीठात कुणी ते वापरत नाही. मागच्या आढाव्यात याच गृहस्थांनी माझ्या अहवालाच्या समासात पेन्सिलनं लिहिलं होतं, “उपयोग काय?” मी ते खोडलेलं नाही. राग ताजा राहावा म्हणून ठेवलंय.

१२ मार्च, बुधवार

टंकलेखकानं आज सगळा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. अकराशे पानं.

“मॅडम, जसंच्या तसं उतरवलंय. कानामात्रा बदललेली नाही. फक्त ‘असं’साठी एक वेगळं बटण करून घेतलं. बोटं दुखायला लागली होती.”

मी हसले. मग वाचायला बसले आणि हसू पळालं.

पान सदतीस. मुकादमबाई बोलतायत. तिसऱ्या रांगेच्या त्या मुकादम होत्या, आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. “त्या धडधडाटात तोंडानं काय बोलणार? साहेब लांबून दिसला की मी असं करायची. की पलीकडची असं. मग धाकटी मुद्दाम असं करायची, आणि सगळ्या रांगेत असं, असं, असं. हसून हसून पुरेवाट.”

वाचून कुणाला काय कळणार? मलाच कळेना, आणि मी तर समोर बसले होते! पान अठ्ठ्याण्णव: “तिचा नवरा गेल्याचा निरोप मीच दिला तिला, मशीन चालू असताना. असा.” बस. कुणाच्या तरी आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि माझ्याकडे काय, तर ‘असा’.

संगणकाला मोजायला लावलं. दोन हजार तीनशे सात.

या बायका तीस-तीस वर्षं हातांनी बोलल्या. त्यांची एक अख्खी बोली आहे. आणि मी शहाणी, तिचं ध्वनिमुद्रण केलं! नजर वहीवर, लक्ष यंत्राच्या लाल दिव्यावर. कहर म्हणजे एकोणिसाव्या मुलाखतीत माझाच आवाज आहे: “मावशी, जरा हात स्थिर ठेवता का? टेबलावर आवाज होतो, नीट ऐकू येत नाही.”

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. घेतलंही थोडंसं, त्याच गठ्ठ्यावर.

१३ मार्च, गुरुवार

प्रमुखबाईंना खरं सांगून टाकलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. मग म्हणाल्या, “आठ आठवडे आहेत. परत जा. या वेळी बघ.”

नवरा म्हणतो, “तीन वर्षं डोळे मिटून बसली होतीस का?” त्याच्याशी दिवसभर बोलायचं नाही असं ठरवलं. तासाभराच्या वर जमलं नाही.

१७ मार्च, सोमवार

बेचाळीसपैकी प्रेसच्या धडधडाटात उभं राहून काम केलेल्या सातच जणी. त्यांना विभागात बोलावलं. कॅमेरा लावला. मुकादमबाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “तोंड नको. हात घ्या.” बाकीच्यांचंही तेच. चालेल म्हटलं, मानेपासून खाली घेते.

आणि मग काही नाही. सात जणींचे चौदा हात मांडीवर गप्प. ‘साहेब आला’ कसं म्हणायचात? मुकादमबाईंनी हात अर्धवट उचलला आणि खाली ठेवला. “काहीतरी खांद्यापाशी होतं. गेलं बघा.” धाकटी (एकसष्टची आहे, पण रांगेतली सगळ्यात लहान, म्हणून अजून धाकटीच) म्हणाली, “मॅडम, इथं तोंडानं ऐकू जातंय की. मग हात कशाला बोलतील?”

तेवढ्यात खाली हातोड्याचा प्रेस सुरू झाला. आधीच वैताग, त्यात हा दणदणाट. मी तरातरा खाली गेले आणि त्याच्या माणसाला म्हटलं, कृपा करून तासभर बंद ठेवा, वर महत्त्वाचं काम चाललंय. बंद केलं बिचाऱ्यानं. वर येऊन पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पाचला सगळ्या घरी गेल्या. माझं पंधरा मिनिटांचं सादरीकरण म्हणजे पंधरा मिनिटांची फजिती होणार, दिसतंच आहे.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी कालचं चित्रीकरण बघत होते. मी खोलीतून बाहेर जाते. प्रेसचा आवाज. मुकादमबाईंचा उजवा हात उठतो, दोन बोटं खांद्यावर टेकतात, मग मनगट फिरतं. समोर धाकटीचे हात झपाझप चालतात. मग चौदाही हात! दोन मिनिटं वीस सेकंद. मग आवाज बंद होतो, हात मांडीवर जातात, दार उघडतं आणि मी आत येते. हात झटकत, अगदी तृप्त.

मी तो आवाज बंद करायला गेले होते. मी!

तशीच खाली गेले. हातोडा एका यंत्रात अर्धा घुसलेला होता.

“सर, मला आवाज हवाय.”

“काल माझ्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत?”

“ते चुकलं. मला भरपूर आवाज हवाय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन तास.”

तो बाहेर आला. हात पुसले. हा माणूस तीस वर्षं वर्कशॉपात ओरडून ओरडून आता ‘नमस्कार’सुद्धा ओरडूनच करतो. “किती?”

“काय किती?”

“किती डेसिबल? आवाज म्हणजे काय, काही माप आहे की नाही?”

मी सांगितलं, पत्रा कारखान्याइतका. त्यानं कोपऱ्यातल्या दोन जुनाट धुडांकडे बोट केलं. कारखाना भंगारात निघाला तेव्हा विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी तिथले दोन प्रेस उचलले होते. पाच वर्षं मी त्यांच्या डोक्यावर बसून शिकवतेय, आणि मला पत्ता नाही.

२० मार्च, गुरुवार

नवीनच व्याप. आईच्या सोबतीला येणाऱ्या बाईंनी काम सोडलं. आई एक्याऐंशीची. आठ वर्षांपासून तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानातलं यंत्र घालत नाही, “सगळा कचरा ऐकू येतो” म्हणते. घरात आम्ही तिच्याशी ओरडून बोलतो, म्हणून कमीच बोलतो. नवऱ्याची शाळा, माझं हे. मंगळवार-शुक्रवार तिला बरोबर न्यावं लागणार. एका स्टुलावर बसेल. तिला आवाजाचा त्रास नाही, तेवढंच बरं.

२१ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस! काय लिहू आणि कसं लिहू.

मुकादमबाई वर्कशॉपात शिरल्या आणि डाव्या प्रेससमोर थांबल्या. बाजूच्या पट्टीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. सात नंबर. “मेल्या, तू अजून जिवंत?” म्हणाल्या आणि त्याला एक चापट मारली. बाकीच्या सगळ्या बघायला धावल्या. हातोड्यानं कानात घालायचे बोळे वाटले. मुकादमबाईंनी ते तळहातावर घेऊन निरखले. “आम्हाला तेव्हा कुणी दिले नाहीत हो,” म्हणाल्या, आणि घातले.

मग त्यानं दोन्ही प्रेस सुरू केले.

पाच सेकंदही लागले नसतील. सात बायका दोन रांगांत आपोआप उभ्या राहिल्या, आपापल्या जुन्या जागी, मधल्या ज्या आता हयात नाहीत त्यांच्या जागा सोडून. आणि हात सुटले. काय ते हात! खांद्यावर, कोपरावर, गालावर, हवेत. अकरा वर्षांच्या गप्पा तुंबल्या होत्या. एक बोलतेय, दुसरी तिला तोडतेय, तिसरी हसून वाकलीय, चौथी लांबून भांडतेय. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या वेळी वही उघडलीच नाही. नुसती बघत होते.

दोन तासांनी प्रेस थांबले तेव्हा सगळ्या घामाघूम. मुकादमबाईंनी मला जवळ बोलावलं. “आम्ही गेल्यावर कुणाला कळलंही नसतं आम्ही काय बोलायचो ते,” म्हणाल्या. “आता नीट घ्या सगळं.”

आई स्टुलावर शांत बसून होती. मध्ये एकदा धाकटीनं तिचा हात धरून काहीतरी करून दाखवलं. दयाळू आहे धाकटी.

२८ मार्च, शुक्रवार

एकशे चार खुणा झाल्या. आवाजात हात बोलतात, मग आवाज बंद करून त्याच बायका अर्थ सांगतात. दोन बोटं खांद्यावर म्हणजे साहेब. मनगट फिरवलं की त्याचा मूड वाईट. तळवा छातीवरून खाली नेला की “माझं मशीन जरा बघ.” मुकादमबाई म्हणाल्या, ही खूण बहुतेक वेळा मशीनसाठी नसायचीच. जिला रडायला जायचं असे ती करायची. शेजारची दोन मशीनं सांभाळायची आणि कारण विचारायची नाही.

मलाही खूण मिळालीय! तोंडाजवळ बोटं आणि अंगठा मिटायचे-उघडायचे, भराभर. मी आले की सगळ्या करतात. धाकटी म्हणाली, याचा अर्थ ‘मॅडम’. फार बरं वाटलं.

१ एप्रिल, मंगळवार

आई मंगळवारी पहाटेपासून तयार होऊन बसते. चांगली साडी नेसते. वर्कशॉपात ग्रीस असतं, जुनी नेस, म्हणून ओरडले, पण ऐकायला येईल तर ना.

५ एप्रिल, शनिवार

आईची काळजी वाटतेय. जेवताना तिची बोटं टेबलावर सारखी हलतात. काल खिडकीशी उभी राहून हवेत हात हलवत होती, एकटीच. आणि मध्येच हसते. नवऱ्याला म्हटलं, कंपवात तर नसेल? नाहीतर डोक्याचं काही. त्यानंही बघितलं. म्हणाला, दाखवून घेऊ.

९ एप्रिल, बुधवार

डॉक्टरांनी आईचे हात उलटसुलट करून पाहिले, बोटांनी नाक शिवायला लावलं, बटणं लावायला लावली. म्हणाले, “कंप नाही. उलट या वयात इतकी सुटी बोटं मी पाहिली नाहीत. विणकाम करतात का?” मी म्हटलं, छे, काहीच करत नाहीत, दिवसभर बसून असतात. आई डॉक्टरांकडे बघून गालातल्या गालात हसत होती. मला ओशाळल्यासारखं झालं. फुकट अर्धा दिवस गेला.

१५ एप्रिल, मंगळवार

‘मॅडम’चा अर्थ कळला. हातोडा आज मध्येच येऊन उभा राहिला आणि बायकांनी त्याला खूण केली: दोन्ही मुठी एकावर एक. हातोडाच की! मी हसले आणि विचारलं, मग मॅडमच्या खुणेत काय आहे? धाकटीनं मुकादमबाईंकडे बघितलं. मुकादमबाईंनी छताकडे. शेवटी धाकटी म्हणाली, “रागावू नका हं. बडबडी.”

दहा मिनिटं वाईट वाटलं. जाऊन नवऱ्याला फोन केला आणि या अन्यायाबद्दल अर्धा तास बोलले. तो म्हणाला, “खूण अगदी अचूक आहे.” फोन ठेवला. मग मलाच हसू फुटलं.

२२ एप्रिल, मंगळवार

तीनशे बारा खुणा. यादी पूर्ण झाल्यात जमा. पण एवढ्यानं भागणार नाही. शब्दांची यादी म्हणजे भाषा नव्हे. परिषदेत गणिताचे प्राध्यापक आहेत, ते असल्या ठिकाणी बरोबर बोट ठेवतात. हे हातवारे आहेत की भाषा? भाषा असेल तर कधी न बोललेलं वाक्यही तिच्यात बोलता आलं पाहिजे, आणि बाहेरच्या माणसाला ती शिकता आली पाहिजे. पहिल्याची चिंता नाही. दुसऱ्याचं काय? बाहेरची एकटी मी. आज मुकादमबाईंनी माझी परीक्षा घेतली. त्यांनी सांगितलं, “उद्या पाऊस आला तर छत्री माझी घे.” मी समजले, “साहेबाच्या डब्याला भोक पडलंय.” सगळ्या खाली बसून हसल्या. स्टुलावर आईसुद्धा हसली, सगळे हसतात म्हणून.

परत येताना आई म्हणाली, “धाकटी शुक्रवारी येणार नाही. तिच्या नातवाला गोवर झालाय.” आईला कुणी सांगितलं कोण जाणे. मला तर कुणी काही बोललेलं नाही. काहीतरी मनानंच बोलते हल्ली.

२५ एप्रिल, शुक्रवार

धाकटी खरंच आली नाही. नातवाला गोवर. योगायोग म्हणायचा.

२ मे, शुक्रवार

हातोड्याशी भांडण उकरून काढलं. चार दिवसांवर परिषद, मनावर ताण, आणि तो समोर सापडला. म्हटलं, “सर, तुम्ही एवढी मदत करताय, मग मागच्या वर्षी माझ्या अहवालावर टोमणा कशाला मारलात?”

“कसला टोमणा?”

“उपयोग काय, म्हणून.”

“पुढे प्रश्नचिन्ह होतं ना?”

“होतं.”

“मग तो प्रश्न होता!” तो नेहमीसारखा ओरडला. “मला कळलं नव्हतं म्हणून विचारलं. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. वर्षभर वाट बघितली.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच असावं. मग त्याला सांगितलं, उपयोग काय ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. एवढंच की इथं माणसांनी गरजेपोटी एक अख्खी भाषा घडवली, कुणाला न विचारता, आणि ती सात जणींबरोबर संपणार आहे. ती कशी होती हे कळायला हवं.

त्यानं सात नंबरच्या प्रेसवर हात ठेवला. “हे अहवालात पहिल्या पानावर लिहायचं होतंत,” म्हणाला. आज रात्रीच्या आत पहिलं पान बदलणार आहे.

६ मे, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर एकही गोष्ट नीट राहायची नाही.

सभागृहात एकवीस जण. कुलगुरू मध्यभागी. गणिताचे प्राध्यापक दहा मिनिटं उशिरा आले. मुकादमबाई आणि धाकटी पहिल्या रांगेत, आई मागे, दाराजवळ. घरी तिच्या सोबतीला कुणी नव्हतं.

मी बोलले. बरं बोलले. चूक लपवली नाही, दोन हजार तीनशे सात ‘असं’ची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले आणि मग हसायचे थांबले. हातांचं चित्रीकरण दाखवलं. मग अपेक्षेप्रमाणे गणितवाल्यांनी बोट वर केलं.

“रंजक आहे. पण याला भाषा म्हणायला आधार काय? या दोघी चाळीस वर्षं एकत्र होत्या. ओळखीच्या चार गोष्टी एकमेकींना कळतील, माझ्या मांजरालाही माझ्या कळतात. नवीन वाक्य सांगता येतं का? आणि ते बाहेरच्या कुणाला समजतं का?”

अगदी तेच दोन प्रश्न. मी म्हटलं, नवीन वाक्य सांगता येईल, पण शांततेत नाही, आवाज लागतो. कुणीतरी हसलं. तेवढ्यात हातोडा उठला. “कुलगुरू महाराज, खाली चला! दोन मिनिटांचं काम आहे!” नेहमीच्या आवाजात बोलला, त्यामुळे नाही म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. अख्खी विद्यापरिषद जिन्यानं खाली उतरली.

प्रेसपाशी गणितवाल्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी करून मुकादमबाईंना दिलं आणि मला विचारलं, “बाहेरचं कोण? तुम्ही का?”

छत्री आणि भोक आठवलं. मी ‘हो’ म्हणणार तेवढ्यात मुकादमबाईंनी माझ्या डोक्यावरून पलीकडे कुणाला तरी खूण केली. वळून बघते तर आई दारातून पुढे येतेय. मला वाटलं, तिला बाथरूमला जायचंय. मी तिचा दंड धरला. तिनं माझा हात हळूच बाजूला केला आणि प्रेसच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. धाकटीच्या शेजारची जागा. अशी उभी राहिली की जणू तिथेच नोकरीला होती.

“या कोण?” कुलगुरूंनी विचारलं.

“माझी आई,” मी म्हटलं. “तिला ऐकू येत नाही.”

“कारखान्यात होत्या?”

“कधीच नाही. सहा-सात आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा इथे आली.” आणि हे बोलता बोलता माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. टेबलावरची बोटं. खिडकी. गोवर. डॉक्टर! अरे देवा, मी तिला डॉक्टरकडे नेलं होतं.

हातोड्यानं प्रेस सुरू केले. मुकादमबाईंनी चिठ्ठी वाचली, कमरेला खोचली आणि हात उचलले. मनगट, कोपर, दोन बोटं, पाच बोटं, गाल. आईनं मान हलवली. एकदा भुवया वर करून काहीतरी उलट विचारलं. मुकादमबाईंनी उत्तर दिलं. धाकटी तोंड दाबून हसत होती. दहा-बारा सेकंदांत आटोपलं. प्रेस थांबले.

त्या शांततेत आई बोलली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, खणखणीत.

“या साहेबांचं घड्याळ गेल्या गुरुवारपासून पाच मिनिटं मागं पडतंय. त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.” मग गणितवाल्यांकडे वळून म्हणाली, “आणि म्हणूनच आज तुम्हाला उशीर झाला. पण पाच मिनिटांचं घड्याळ आणि दहा मिनिटांचा उशीर, उरलेली पाच कुठे गेली?”

मुकादमबाईंनी चिठ्ठी काढून कुलगुरूंच्या हातात दिली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. “माझे घड्याळ गेल्या गुरुवारपासून पाच मिनिटे मागे आहे आणि हे मी कुणालाही सांगितलेले नाही.”

आधी गणितवाले हसले, तेही पोट धरून, आणि मग सगळं वर्कशॉप. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हातोड्यानं तर आनंदाच्या भरात प्रेसचं बटणच दाबलं. त्या दणदणाटात सात नंबरभोवती एकवीस प्राध्यापक उभे, आणि मधोमध मुकादमबाई, धाकटी आणि आई, तिघींचे हात एकदमच चाललेले. काय बोलत होत्या, मला कळलं नाही. पण विजय झाला होता हे कळायला खूण लागत नव्हती. मी रडले. सगळ्यांसमोर, बिनदिक्कत.

७ मे, बुधवार

पत्र आलं. या वेळी पाच ओळींचं. एकोणीस विरुद्ध दोन. मान्यता पाच वर्षांसाठी कायम, आणि हातबोलीचा कोश करण्यासाठी वर्कशॉपात स्वतंत्र वेळ. खाली पेन्सिलनं एक ओळ, हातोड्याच्या अक्षरात: “कोश कधी?” प्रश्नचिन्ह आहे. उत्तर लगेच दिलं. प्रमुखबाईंनी मला मिठी मारली, चष्मा वाकडा झाला, तसाच ठेवून सगळ्यांना बातमी सांगत फिरल्या. मुकादमबाई आणि धाकटी शिकवायला येणार, विद्यापीठाच्या कागदावर ‘तज्ज्ञ’ म्हणून. मुकादमबाई म्हणाल्या, “तज्ज्ञची खूण करायला हवी. साहेबाची वापरणार नाही.”

संध्याकाळी आईजवळ जाऊन बसले. सवयीनं ओरडले, “मला सांगितलं का नाहीस?”

“कधी सांगणार?” ती म्हणाली. “तू सारखी लिहीत असतेस.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. या घरात मी दिवसभर बोलते, आणि माझ्या आईशी आठ वर्षांत धड बोललेले नाही. लाज वाटली, ती इथे लिहून ठेवते.

मग हातांनी प्रयत्न केला. ‘आई, आपण जिंकलो’ म्हणायला गेले. ती बघत राहिली, मग खो खो हसली. मी ‘डबा भरला, झाकण आण’ म्हणाले होते म्हणे. तिनं माझी बोटं धरून सरळ केली. आम्ही दोघीही हसत सुटलो. नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला, दारातच उभा राहिला आणि परत गेला.

मग आईनं एक खूण केली. मूठ तळहातावर ठेवली, हळूच उघडली आणि बोटांची टोकं माझ्या कपाळाला लावली. माझ्या तीनशे बारांच्या यादीत ही नाही. मी शपथेवर सांगते, नाही.

“याचा अर्थ काय?”

“ते आमच्यातलं आहे,” ती म्हणाली. “असं विचारून नाही कळायचं. रोज बस माझ्याजवळ.”

उद्यापासून रोज संध्याकाळी साडेपाचला बसायचं ठरलंय. वही न घेता.